मोठ्या आत्यांच्या मांडीवरची फाईल

"पाच मिनिटांत तुझा कॉम्प्युटर असा लख्ख करतो की तूच ओळखणार नाहीस!" खटपट्याने बाथरूमच्या बंद दाराबाहेरून घोषणा केली. आत शॉवर चालू होता. बायकोकडून उत्तर आलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे परवानगी, असा त्याचा संसारातला जुना समज होता.

खटपट्या हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. गड्याचे हात स्वस्थ म्हणून राहत नसत! स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्याने नाना घड्याळं लावली होती, रंग बदलले होते, फायली आपोआप रांगेत लावणारं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं आणि त्याचं कौतुक तो इस्त्रीवाल्यालासुद्धा ऐकवायचा. आता तिथे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बायकोच्या पडद्यावर मात्र सगळ्या खानदानाचा ग्रुप फोटो, आणि प्रत्येकाच्या अंगावर फायली सांडलेल्या!

बायको लोकांची घरं आतून सजवून द्यायची. नोकरी सोडल्यावरचं पहिलं मोठं गिऱ्हाईक आज अकराला व्हिडिओ कॉलवर येणार होतं, दातांच्या डॉक्टरबाई. हे काम हुकलं तर पुन्हा जुन्या साहेबांच्या केबिनमध्ये पडलेलं तोंड घेऊन जावं लागणार होतं.

खटपट्याने फोटो हटवला, काळाभोर पडदा लावला आणि लाडकं सॉफ्टवेअर फायलींवर सोडलं. फायली शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. त्याचा ऊर भरून आला.

बायको केस पुसत आली आणि किंचाळली, "अहो, मोठ्या आत्या कुठेत?"

"कोण मोठ्या आत्या?"

"डॉक्टरबाईंचं घर त्यांच्या मांडीवर होतं! बिलं मामांच्या पोटावर होती, रद्द झालेली कामं तुमच्या डोक्यावर!"

"अगं, पण फायलींना नावं असतात!"

"सगळ्यांचं नाव 'नवीन' आणि पुढे आकडा! जागा ठाऊक असताना नाव कशाला लागतं? तुम्ही मोजे काय नाव वाचून काढता?"

त्याने घाईघाईने फोटो परत लावला. रांग काही मोडेना! सगळ्या फायली डाव्या कडेला उभ्या असलेल्या थोरल्या काकांवर कोसळल्या, बिचारे दिसेनासे झाले. तारखेवरून शोधावं, तर सॉफ्टवेअरने प्रत्येक फाईल हाताळलेली, त्यामुळे सगळ्यांवर आजचीच तारीख. तेवढ्यात डॉक्टरबाई पडद्यावर हजर!

"दाखवताय ना?"

बायकोने डोळे मिटून एक फाईल उघडली. दाराआडून डोकावणाऱ्या खटपट्याने नकाशातलं घर ताबडतोब ओळखलं. ते त्याचंच होतं! त्याच्या कॉम्प्युटरच्या टेबलाच्या जागी कपडे धुण्याचं मशीन होतं, आणि बाल्कनीतल्या एका चिमुकल्या चौकोनात लिहिलं होतं, 'अहो'.

"हे माझं घर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि बाल्कनीत 'अहो' म्हणजे काय?"

बायकोचा चेहरा पडला. काम गेलंच, आता लपवायचं काय? ती खरं सांगून मोकळी झाली. "आमचे हे. हाताला सतत चाळा लागतो. म्हणून तिथे टेबल भिंतीत पक्कं केलंय, खुर्ची जमिनीत पक्की, आणि कडी बाहेरून."

खटपट्या दाराआड घामाघूम झाला. डॉक्टरबाईंनी मागे वळून पाहिलं, पडद्याला नाक टेकेल इतक्या पुढे आल्या आणि कुजबुजल्या, "आमच्याकडेही एक आहेत. काल फ्रीजचं दार उलट्या बाजूला बसवलं. हे असं आमच्याकडे कराल?"

"करू की!"

"मग अख्खं घर तुमच्याकडेच!"

पडदा बंद झाला तसा खटपट्या छाती फुगवून बाहेर आला. "बघितलंस? मी आवरलं नसतं तर मिळालं असतं का हे काम?"

"मुळीच नाही," बायको प्रेमाने म्हणाली. "फक्त आता त्यांना दाखवायला एक तयार नमुना हवा. टेबल रिकामं करा, सुतार उद्या सकाळी येतोय."