हेडक्लार्क उभे का राहिले

मनुष्य येतो आडवा आणि जातो आडवा. मधला सगळा काळ त्याला बसून काढावा लागतो. या मधल्या काळासाठी सरकारने खुर्ची दिली आहे आणि खुर्चीवर जे टेकवायचे ते देवाने दिले आहे. या दोहोंचे फाटले की काय गत होते, हे नळजोडणी कार्यालयाच्या हेडक्लार्कना पन्नाशी उलटल्यावर कळले.

त्यांना मूळव्याध झाली. बाहेरची. (आतली बिचारी पुष्कळदा न दुखता पडून असते. बाहेरची स्वतः गप्प राहत नाही आणि दुसऱ्याला टेकू देत नाही.)

"ऑपरेशन करावं लागेल?" त्यांनी छताकडे बघत डॉक्टरीणबाईंना विचारले.

"अजून तशी वेळ नाही आलेली. कोमट पाण्याच्या टबात बसा, सकाळ-संध्याकाळ, दहा-पंधरा मिनिटं. पालेभाज्या, सालीसकट फळं, भरपूर पाणी. कुंथायचं नाही. मलम देते, पण थोडे दिवसच. रक्त जायला लागलं किंवा दुखणं वाढलं तर अंगावर काढू नका, लगेच या." मग चष्म्यावरून पाहत त्या म्हणाल्या, "संडासात किती वेळ बसता?"

"पेपर संपेपर्यंत."

"अख्खा?"

"छोट्या जाहिराती धरून."

"उद्यापासून पेपर बाहेर. काम झालं की उठायचं."

पालेभाजीपर्यंत हेडक्लार्क शांत होते. पेपरचे ऐकून मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बायकोशी वाद न घालता जगाची बातमी कळण्याची ती एकच जागा होती.

घरी टब होता तो नातवाचा, कडेने पिवळी बदके चिकटवलेला. हेडक्लार्क त्यात कसेबसे मावले. बायकोने दाराबाहेरून विचारले, "अहो, बुडालात तर हाक मारा हं. आणि बदकं उखडू नका, तो रडतो."

प्रश्न कार्यालयाचा होता. सर्दी शिंकून जाहीर करता येते. हृदयविकाराला तर एक रुबाब आहे, लोक उठून जागा देतात. मूळव्याधीला समाजाने अद्याप प्रतिष्ठा दिलेली नाही. म्हणून हेडक्लार्क काही न बोलता उभे राहिले. टेबलावर खोकी रचून, त्यांवर फायली ठेवून ते उभ्याने शेरे मारू लागले.

नेमके तेव्हाच मोठे साहेब फेरीवर आले. साहेब नुकतेच कार्यक्षमतेच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि तिथून आणलेल्या पिशवीखेरीज दाखवण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते.

"बसा, बसा," साहेब म्हणाले.

"नको साहेब. उभ्याने काम लवकर होतं."

हे वाक्य घाबरून निघाले होते. पण त्या इमारतीत कामाविषयी आपणहून बोलले गेलेले ते पहिलेच वाक्य असल्याने साहेब गहिवरले. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले : "आसनस्थ कार्यपद्धतीमुळे येणारे शैथिल्य दूर करणेकामी सर्व खुर्च्या भांडारगृहात जमा कराव्यात. याबाबत हेडक्लार्क यांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा." तो डोळ्यांसमोर राहावा म्हणून त्यांचा उभा फोटो पाण्याच्या माठावर लावण्यात आला.

परिणाम तत्काळ दिसले. अर्ज सात टक्क्यांनी लवकर निकाली निघू लागले. (ते वाचायला कुणाचे पाय टिकत नव्हते.) नळ मागायला येणाऱ्यांचे समाधान तर कितीतरी वाढले, कारण आता साहेबलोकही त्यांच्यासारखेच ताटकळत असत.

इकडे पथ्याला फळ आले. गाठ वाटाण्याएवढी होती ती मसुराएवढी झाली आणि एका सकाळी शोधूनही सापडेना. हेडक्लार्कना आनंद झाला आणि त्या आनंदात त्यांना बसावेसे वाटले. पण बसणार कशावर? शेजारच्या टेबलाशी निवृत्तीला आलेल्या हिशेबनीस ताई एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत उभ्या असत.

"तुमचं कौतुक आहे हो दादा," त्या गुडघा चोळत म्हणत. "माझ्या गुडघ्यांना मेली तेवढी निष्ठा नाही."

हेडक्लार्क त्या दिवशी जेवले नाहीत.

आता सरकारी नजरेतून सुटलेली एक बाब. परिपत्रकात 'सर्व खुर्च्या' म्हटले होते. ज्यावर बसता येते अशी आणखी एक वस्तू जिन्याखाली होती, ती फरशीत पक्की असल्याने भांडारात गेली नव्हती. तिथे रांग लागू लागली. माणसे आत मोबाईल घेऊन जात आणि ताजीतवानी होऊन, पायाला मुंग्या आणून बाहेर पडत. विचार करून उत्तर द्यायची पत्रे तिथेच लिहिली जात. एका कनिष्ठ अभियंत्याने तर बैठक असल्याचे सांगून आतून कडी लावली, आणि ते खोटे होते असे म्हणता येत नाही.

दीड-दोन महिन्यांत जावक कारकून जरा फेंगडा चालू लागला. मग अभियंता. मग शिपाई. हेडक्लार्क ती चाल ओळखत होते. ती त्यांनीच या इमारतीत आणली होती.

अखेर या आदर्शाच्या सत्काराचा दिवस आला. याच सभेत हेडक्लार्कना अधीक्षक म्हणून बढती जाहीर व्हायची होती, आणि ती न मिळाल्यास पुन्हा मिळण्याइतकी नोकरी उरली नव्हती. सगळे उभे होते. ताई खिडकीचा गज धरून होत्या. साहेबांनी शाल उघडली आणि म्हणाले, "या निष्ठेमागची प्रेरणा काय, ते त्यांच्याच तोंडून ऐकू या."

हेडक्लार्कनी शालीकडे पाहिले, मग ताईंच्या गुडघ्यांकडे.

"मूळव्याध," ते माईकमध्ये म्हणाले. "बाहेरची."

साहेबांनी शालीची घडी घातली. जवळ येऊन, माईकवर हात ठेवून ते पुटपुटले, "मलम कोणतं?"

माईकवर हात नीट बसला नव्हता. पाठोपाठ अभियंत्याने विचारले, "पाणी किती कोमट?" जावक कारकुनाने विचारले, "टब केवढा?" हेडक्लार्कनी सगळे सांगितले. पालेभाजीपर्यंत सभा शांत होती. मोबाईल बाहेर ठेवायचा, म्हटल्यावर मागच्या रांगेतून हुंदका आला.

बढती रद्द झाली. कारण "आजाराचा आदर्श म्हणून गैरवापर". नवे परिपत्रक निघाले, सर्वांनी बसलेच पाहिजे. खुर्च्या परत आल्या, पुसल्या गेल्या, आणि सारे कर्मचारी त्यांच्याशेजारी शिस्तीत उभे राहिले. बसल्या फक्त ताई. गुडघ्यांपायी जिन्याखालच्या रांगेत त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. "आई गं," एवढेच त्या म्हणाल्या, पण ते इतके सुखाने की हेडक्लार्कही त्यांच्या शेजारी टेकले. त्याच आठवड्यात कुणा नागरिकाची तक्रार आली : सगळे कार्यालय उभ्याने राबत असताना दोघे जण खुशाल बसून असतात.

हेडक्लार्कनी तक्रार वाचली. टेबलाशी बसून.

राहता राहिले वाचक. मजकूर इथपर्यंत निवांत वाचून झाला, मध्ये कुणी काम सांगितले नाही, कडी आतून आहे आणि पायाला मुंग्या आल्या आहेत. आपण कुठे बसला आहात हे आम्ही विचारत नाही. काम केव्हाच झाले आहे. उठा.