मेश्रामांची एकोणीस इंची चाकं

आमचे मेश्राम खड्ड्याला शिव्या देतात. खड्डा पाडणाऱ्याला नव्हे, न बुजवणाऱ्यालाही नव्हे, प्रत्यक्ष खड्ड्याला. गाडी बाजूला घेतात, उतरतात, कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभे राहतात आणि अस्सल नागपुरी थाटात विचारतात, "काहून बे? काल तर नव्हता तू इथं!"

मी आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीची सेक्रेटरी. ज्या मीटिंगला मी गेले नव्हते, त्या मीटिंगमध्ये हे पद माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून मेश्रामांचा प्रत्येक राग आधी माझं दार वाजवतो. लिफ्टचा आरसा, पाण्याची वेळ, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. "काहून सहन करावं, बाई? सांगा ना, काहून सहन करावं?" उत्तर माझ्याकडे नसतं आणि त्यांनाही ते नको असतं.

माणूस मात्र हुशार. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून शिकत शिकत नागपूरला आले. पुण्यात संगणकाच्या कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या, तेव्हा एक बॅग घेऊन इथे उतरले. आता खराडीच्या एका कंपनीत मोठे साहेब आहेत. पत्नी नागपुरात शिक्षिका. सुरुवातीला त्या सुटीला यायच्या, पुढे येणं कमी झालं, मग थांबलं. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरात बुद्धाची सुंदर मूर्ती आहे, तिच्यापुढे रोज ताजं फूल असतं, आणि मूर्तीच्या शांतपणाचा घरमालकावर काडीचाही परिणाम नाही.

मागे त्यांनी काळी, लांबलचक जर्मन गाडी घेतली. सोसायटीत पेढे वाटले. चार दिवसांनी संतापाने लालबुंद होऊन माझ्याकडे आले. एका मोठ्या हॉटेलात कंपनीचं जेवण होतं. हे गाडीतून उतरले, तर दारावरच्या माणसाने विचारलं, "साहेब मागून येतायत का?"

"म्हणजे मी ड्रायव्हर!" मेश्राम ओरडले. "सूट घातला, टाय लावला, एवढी गाडी घेतली, तरी मी ड्रायव्हर!"

मला त्या दारवानाचा राग आला, आणि मेश्रामांमध्ये काय पाहून त्याने असं विचारलं असेल, ते मनात येऊन जास्त राग आला. पण मेश्रामांनी त्यावर जो उपाय काढला, तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. "चाकं लहान आहेत," ते म्हणाले. "कंपनीनं सतरा इंची दिली. एकोणीस इंची टाकतो. मग पाहू कोण काय विचारते."

पुढचा महिनाभर ते पार्किंगमध्ये मोजपट्टी घेऊन गाडीपुढे उकिडवे बसलेले दिसत. मीही एकदा पकडले गेले. त्यांनी मला समजावलं, की मडगार्डखाली जागा तेवढीच. मधलं धातूचं चाक मोठं केलं, की भोवतालचं रबर पातळ होतं.

"मग धक्के बसतील ना?"

"बसू द्या. धक्के लोकांना दिसत नाहीत. चाक दिसते."

एका रविवारी नाना पेठेतून चाकं बसवून गाडी आली. चंदेरी, दहा काड्यांची, दृष्ट लागावी अशी. तळमजल्यावरचे दामले काका गेटपाशीच उभे होते. दामल्यांचं बालपण कसबा पेठेत गेलं, हयात बुधवार पेठेत रेडिओचे सुटे भाग विकण्यात गेली, आणि म्हातारपण मेश्रामांशी भांडण्यात चाललं होतं. त्यांनी चाकांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

"अहो मेश्राम, चपला नव्या घेतल्यात. छान. चालणार कुठे?"

मेश्राम असे काही भडकले, की दोघांच्या तक्रारी त्या संध्याकाळी माझ्याकडे एकदमच आल्या. गेटवरचा गतिरोधक दामल्यांनीच हट्टाने करून घेतला होता. तो आपल्याविरुद्धचा कट आहे, असं मेश्रामांचं म्हणणं. ही गाडी म्हणजे ध्वनिप्रदूषण आहे, असं दामल्यांचं. दुर्दैवाने दामल्यांचा प्रश्न खरा होता. महिन्याभरात आळंदी रस्त्यावर एक चाक वाकलं. मेश्राम ते चाक उचलून माझ्या घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "हे पहा! टॅक्स मी भरतो आणि रस्ता हा असा!" वरणाच्या पातेल्याशेजारी ते चिखलाचं चाक पाहून मी त्या दिवशी मेश्रामांपेक्षा मोठ्याने ओरडले. त्यांनी निमूट चाक उचललं, टेबल पुसलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच नवं चाक बसवलं.

पुढे दामल्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. घरात ते एकटेच. मुलगा बंगळुरात, तो फोन करायचा. एका सकाळी ठरलेला रिक्षावाला आलाच नाही. दामले गेटमध्ये मधोमध उभे, आणि मागून मेश्रामांची गाडी.

मेश्रामांनी काच खाली केली. "बाजूला व्हा ना!"

"घाला अंगावर," दामले म्हणाले. "दवाखान्यातच जायचंय. वेळ वाचेल."

मी बाल्कनीतून पाहत होते. मेश्रामांनी आतून पलीकडचं दार उघडलं. मग म्हणाले, "बसा."

"नको. उपकार नकोत."

"बसा म्हणतो ना बे!"

सत्तरी ओलांडलेल्या दामल्यांना आयुष्यात कुणी 'बे' म्हटलं नसावं. त्या धक्क्यानेच ते आत बसले. मग ते नेहमीचंच झालं. मेश्राम सकाळी त्यांना सोडत, दुपारी ऑफिसातून निघून परत आणत, आणि दोन्ही वेळा भांडत.

एका दुपारी गाडी आली तेव्हा मी खालीच होते. दामले पांढरेफटक पडले होते. सुया टोचलेला हात दुसऱ्या हाताने छातीशी धरून ठेवला होता. उतरताना दम खात म्हणाले, "मेश्राम, तुमची गाडी बाहेरून राजवाडा आणि आतून खलबत्ता आहे. मला कुटून आणलंत."

"मग रिक्षानं जात जा!" मेश्राम कडाडले आणि दाणदाण जिना चढून गेले.

रविवारी पाहते तर गाडीला जुनी सतरा इंची चाकं, जाड रबराची. मी काही विचारण्याआधीच मेश्राम माझ्यावर खेकसले, "चीर गेली होती त्यांना! काढावीच लागली!" पुढे पाण्याच्या तक्रारीसाठी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ती चारही चाकं हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. पुसूनपुसून चकचकीत. चीर कुठेच नव्हती. मी पाण्याबद्दल बोलले आणि परत आले.

परवा दुपारी बाजारातून येत होते. मेश्रामांची गाडी पार्किंगमध्ये उभी, इंजिन बंद, आणि दोघं आत तसेच बसलेले. मला वाटलं, दामल्यांना उतरवत नाहीये. पिशवी खाली ठेवून मी धावत जाऊन दार उघडलं.

"काका, हात देऊ का?"

"काही नको," दामले चिडून म्हणाले. "दार लावा. आमचं भांडण अर्ध्यात आहे."

"अहो, पण घरी जाऊन भांडा ना. इथे उकाड्यात कशाला?"

स्टिअरिंगवर हात ठेवलेले मेश्राम समोर भिंतीकडे पाहत होते.

"घरी जाऊन," ते तिरसटपणे म्हणाले, "काय करायचं असते, बाई?"

मी हळूच दार लावलं. आतून पुन्हा दोघांचे आवाज चढले.