कुस्ती नाही, संसार आहे

माझा साळा सुहास घरी आला की आधी आपल्याला त्याची छाती वाचावी लागते. चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. दारात छाती काढून उभा राहतो आणि म्हणतो, "पुरं वाचा, भाऊजी. मंग बसू." वाचून झालं की गिरकी घेतो, कारण मागेही मजकूर असतो.

हा गृहस्थ शर्ट डिझाइन करतो. स्वतः गे आहे, आणि गे माणसाबद्दल लोकांच्या डोक्यात जे काही भरलंय ते काढायचा त्याने विडा उचललाय. सीताबर्डीत त्याचं वीतभर दुकान आहे. तिथला सगळ्यात गाजलेला शर्ट म्हणजे पिळदार मिशांचे दोन पहिलवान, एकमेकांच्या गळ्यात हात, आणि खाली ‘कुस्ती नाही, संसार आहे’. दुसऱ्यावर लिहिलंय, ‘गे आहो. नाचता येत नाही. वरातीत बोलावून फायदा नाही.’ हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्या वरातीत हा नाचला तेव्हा बँडवाले वाजवायचे थांबले होते.

कॉलेजची पोरं इंद्रधनुष्य मागतात. "काहून? माणूस आहे का पाऊस?" असं म्हणून हा त्यांना वाटेला लावतो. गे माणसाला कपड्यांची समज असते, हा गैरसमज तर त्याने एकहाती मोडून काढलाय. तपकिरी कापडावर मोहरीच्या रंगाची अक्षरं काढतो आणि वर आपल्यालाच चष्मा बदलायला सांगतो.

एकदा त्याने छापलं, ‘आमच्यात बायको कोणीच नाही, म्हणून भांडी पडली आहेत’. चांगले पन्नास शर्ट. माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीने, ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, "काहून रे, बायको काय भांडे घासाले असते?" लोकांचे गैरसमज काढायला निघालेल्या गड्याचं तोंड एवढंसं झालं. सगळे शर्ट त्याने आमच्याकडे आणून टाकले. आमच्या घरी अजून त्यांनीच फरशी पुसली जाते. पुसतो मी.

जरीपटक्याला तो हरीशसोबत राहतो, अकरा वर्षं झाली. हरीश शाळेत गणित शिकवतो आणि बेताचं बोलतो. सासूबाईंना तो आवडतो. त्याच्यासाठी डबा देतात, त्याच्या गुडघ्याची चौकशी करतात. पण चार लोकांत ओळख करून देताना म्हणतात, "हा सुहासचा रूम पार्टनर." अकरा वर्षांत यापुढे त्यांची गाडी सरकली नाही.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावून जेवू घालायचा, कपडे द्यायचा महिना, म्हणजे माझाच. मी पाटावर बसलो होतो, पुढ्यात तेहतीस अनारसे, मांडीवर नवा शर्ट. तेवढ्यात सुहास म्हणाला, "आई, हरीशलेही बोलाव ना वं. एक खेप तरी."

"काय म्हणून बोलावू रे? शेजारचे इचारतील तं काय सांगू?"

"जावई म्हण."

"जावई पोरीचा असते," सासूबाई म्हणाल्या आणि मला तूप वाढलं.

साऱ्या नागपूरला छातीवर लिहून सुनावणारा माणूस खाली मान घालून जेवत राहिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण अनारसे परत करण्याइतकं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हरीशसाठी दिलेली लोणच्याची बरणी घेऊन मी जरीपटक्याला गेलो. दार हरीशने उघडलं. अंगावर कोरा पांढरा शर्ट, त्यावर एक अक्षर नाही. टेबलावरच्या ताटात अनारसे, तळताना हसून भुगा झालेले.

"या भाऊजी. आईंना सांगा, धोंड्याचा शर्ट आवडला म्हणून," तो म्हणाला. "आठवणीनं पाठवतात. हा चौथा. दोन-दोन जावयांचं जेवण आता त्यांच्यानं होत नाही, सुहासनं सांगितलं मले. मी काही मनावर घेत नाही. माझी आई नाही ना, तं तेवढंच बरं वाटते."

सासूबाईंनी शर्ट दिला होता तो फक्त मला. स्वयंपाकघराच्या दारात सुहास उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले होते.

मी बरणी हरीशच्या हातात दिली.

"सांगतो," म्हटलं. "त्यांनी मुद्दाम विचारलंय, खांद्यात बरोबर बसला का म्हणून."