देवरावभाऊ आन माही इस्त्री

पोट्टीचा हात कोपरापर्यंत तपकिरी झाला होता, आन ते हसून राह्यली होती! मी किंचाळलीच. देवरावभाऊच्या पडवीत, खाली ठेवलेल्या प्लास्टिकच्या घमेल्यात काळ्या चहावानी औषध, आन माही दीड वर्साची चिमी त्यात हात घालून बसली.

भाऊ आतून धावले. "तोंड पाहा तिचं, बाई! हात तोंडात गेला का?"

मले काई सुचेच ना. भाऊनंच तोंड उघडून पाह्यलं. जीभ साफ होती. मंग हात नळाखाली धरला तं सोडेच ना. पानी पिवळं, पिवळं, मंग साफ.

देवरावभाऊ आमचे शेजारी. माजरीच्या कोळशाच्या खानीत बिजलीचं काम करत होते, आता एकटेच राह्यतेत. गावात समद्यात चुरगळलेला सदरा त्याईचा, आन समद्यात जास्त इस्त्री बी तेच करतेत. तेही माह्या इस्त्रीनं, त्याईची कवाचीच जळाली. मी म्हनलं, "भाऊ, एकडाव सदऱ्यावर बी फिरवा." तं म्हनतेत, "सदऱ्यातून करंट जाते का?"

इस्त्री फिरवतेत कागदावर. बियान्याच्या दुकानातले चकचकीत कागद असते ना, कपाशीचं बोंड छापलेले, ते गावभरातून मांगून आनतेत. वरोऱ्याले जाऊन त्याच्यावर काळ्या रेघा छापून आनतेत. मंग तो कागद तांब्याचा पातळ पत्रा चढवलेल्या पाटीवर पालथा ठेवतेत आन इस्त्री दाबतेत. "घाई केली का रेघ तुटली, बाई." दिवसभर हेच. पाटी पान्यात टाकून अंगठ्यानं चोळली का कागद निंगून जाते, रेघा पाटीवरच राह्यते! मंग ते चहावानी औषध उघडं तांबं खाऊन टाकते, रेघाखालचं सोडते. मेंदीवानी नक्षी, आन त्याच्यातूनच करंट पळते म्हने! एकडाव छापताना उलटं करायचं भुलले, तं डावं समदं उजवीकडे आलं. समदी पाटी पुन्हा पयल्यापासून केली.

मी आठवी शिकली. मले ते देवाचंच काम वाटे. भाजी चुलीवर सोडून पाहात बसो. चिमीले तिथचा रस्ता मीच दाखवला.

दवाखान्यात डॉक्टरीनबाई म्हनली, "लगेच धुतला ते बरं केलं. डाग जाईन." तवा जीव भांड्यात पडला, आन मंग राग आला. येऊन मी भाऊच्या अंगनात घमेलं आतल्या पाटीसकट उपडं केलं. "माही पोट्टी तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवनार नाई! इस्त्री बी मांगू नका!" समदी गल्ली पाहून राह्यली. भाऊनं चिखलातून पाटी उचलली, सदऱ्याले पुसली, आत गेले.

आज सकाळी माह्या कुडाबाहेर येऊन उभे राह्यले. हातात तेच औषधानं अर्धी खाल्लेली पाटी. कोपऱ्यात तांब्याचं बारीक अक्षर: चिमी.

"हे काय वो भाऊ?"

"घंटी होनार होती. घरामांगं तलाव तुमच्या. तुहा मालक जाळं घेऊन जाते, तू पान्याले जातं. पोट्टी काठावर जाते. मी दोनदा उचलून आनली. तुले सांगतलं नाई, तू घाबरतं."

मी चिमीले उचलून काखेत धरलं. दोनदा!

"तुह्या उंबऱ्याले तार लावीन. पोट्टी बाहेर निंगाली का घंटी वाजन."

"मंग मी धावत येईन ना, भाऊ."

"तुह्या घरी नाई, माह्या घरी वाजन. तू कामात राह्यतं. मले काय काम हाये? माह्या घरी कोनी हाकच मारत नाई. घंटी तं मारन."

मंग खाली पाहून म्हनले, "घमेलं आता वरच्या फळीवर ठेवलं. झाकन बी लावलं. येऊन पाह्य पाह्यजे तं. नवी पाटी करा लागन. इस्त्री..."

मी आतून इस्त्री आनली, आन उंबऱ्यातच अडली.

माह्या मालकानं बजावलं हाये, त्या घराशी आता काई संबंध ठेवाचा नाई. इस्त्री माह्या एका हातात, काखेत चिमी. ते डागाचा हात लांब करून भाऊकडे झेपावून राह्यली.

सांगा, तुमी काय केलं असतं?