तपासलेला नग

हेल्मेट पडलं तेव्हा तपासनीस स्वयंपाकघरात कप विसळत होता. नुसत्या आवाजावरून त्याला कळलं की ते साधारण साडेपाच फुटांवरून, उलटं आणि कडेवर पडलंय. असल्या वेळी चारचौघांना 'काहीतरी पडलं' याच्यापुढे काही कळत नाही. पण हा गडी काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग तपासणारा. पेल्यांनी भरलेलं खोकं कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकायचं, कान देऊन ऐकायचं, उघडून बघायचं आणि शिक्का मारायचा, हे काम तो एकोणीस वर्षं इमानेइतबारे करत आला होता. कारखान्यात त्याला सगळे तपासनीस म्हणत आणि हळूहळू घरच्यांनीही तेच नाव उचललं होतं.

हेल्मेट सायकलचं. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर त्याची जागा. त्या रविवारी सकाळी कुणीतरी कपाटाचं दार धाडकन लावलं होतं, त्यामुळे ते कडेला सरकलं आणि थोड्या वेळानं घसरलं. हे कुणीतरी म्हणजे तो स्वतःच, हे त्याला लगेच आठवलं आणि त्यानं ते लगेच विसरायचं ठरवलं.

त्यानं हेल्मेट उचललं, सगळीकडून फिरवलं, दाबलं, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. निळ्या रंगावर नखाएवढा ओरखडा होता. तो जुनाच असणार, असं त्यानं परस्पर ठरवलं. मग आतली चिठ्ठी वाचली. खरं तर ती त्याला तोंडपाठ होती. 'जोराचा आघात झाल्यास, बाहेरून खूण दिसत नसली तरी, हेल्मेट बदलावे.' जोराचा म्हणजे किती जोराचा, हे मात्र लिहिणाऱ्यानं स्वतःपाशीच ठेवलं होतं.

"काय पडलं हो?" आतून बायकोचा आवाज आला.

"काही नाही. चप्पल."

"चपलेचा असा आवाज?"

"नवीन आहे."

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, दुसरं आणावं. पण तपासनिसाचं डोकं घेरानं चौसष्ट सेंटिमीटर होतं आणि दुकानातलं मोठ्यात मोठं हेल्मेट त्याच्या डोक्यावर वाटी पालथी घातल्यासारखं बसायचं. हे निळं मुद्दाम मागवलेलं होतं आणि यायला चार महिने लागले होते. शिवाय घरात कायदा होता, हेल्मेट नाही तर सायकल नाही. सात वर्षांपूर्वी तो ओल्या रस्त्यावर घसरला, तेव्हा बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन तास बसून होती. तो पाच टाके घेऊन विनोद करत बाहेर आला. ती हसली नाही. दोन दिवस धड जेवलीही नाही. तिचा तो चेहरा आठवला की त्याला आजही कसंतरी व्हायचं, त्यामुळे या कायद्याबद्दल त्यानं कधी हुज्जत घातली नाही.

आणि सायकल नाही म्हणजे मास्तरांची गाडी. कारखाना गावाबाहेर, बस भलत्याच बाजूनं जाणारी. मास्तर म्हणजे त्याचे सासरे. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, आता खालच्या मजल्यावर निवृत्त होऊन राहत होते. तपासनीस गाडी त्यांच्याकडेच शिकला होता. परीक्षेत दोनदा नापास झाला आणि मधल्या काळात मास्तरांच्या मुलीशी सूत जमवलं. मास्तरांनी जावई म्हणून त्याला माफ केलं होतं, विद्यार्थी म्हणून नाही. त्या चार महिन्यांत रोज जाताना गाडी तपासनिसानं चालवायची, शेजारी मास्तरांनी बसून चुका काढायच्या आणि मग गाडी परत आणायची, असा परिपाठ होता. मास्तरांच्या पायाशी ब्रेक नव्हता, तरी ते दाबायचे.

सायकलवरची सकाळची चाळीस मिनिटं ही त्याची दिवसभरातली एकमेव स्वतःची मिळकत होती. त्यात त्याला कुणी काही विचारत नसे, शिकवत नसे, सांगत नसे. ती चाळीस मिनिटं सहजासहजी सोडायची त्याची तयारी नव्हती.

तेव्हा आघात जोराचा होता की नाही, हे शास्त्रशुद्ध ठरवायला हवं होतं. हेल्मेट परत टाकून बघायची सोय नव्हती. कारखान्याचा पहिला नियमच तसा, तपासलेला नग गिऱ्हाइकाला जात नाही. जे खोकं आपटून पाहिलं ते पास झालं तरी बाजूला ठेवायचं. म्हणून त्यानं स्वयंपाकघरातला काटा बाहेर टेबलावर आणला, हेल्मेट त्यावर ठेवलं, तीनशे पन्नास ग्रॅम भरलं, आणि तेवढ्याच वजनाचा साखरेचा डबा तयार केला. तो कपाटावर नेऊन ठेवला. मग बोटानं हलकेच ढकलला.

झाकण सोफ्याखाली गेलं आणि साखर दारापासून टीव्हीपर्यंत पसरली.

बायको अनवाणी बाहेर आली. ती शाळेत पर्यवेक्षिका होती आणि न मारता, न ओरडता गुन्हा कबूल करून घेण्यात तिचा हातखंडा होता. पायाखाली साखर करकरली तशी ती थांबली. तिनं डबा पाहिला, काटा पाहिला, काट्याशेजारचं हेल्मेट पाहिलं.

"हीसुद्धा चप्पलच का?"

"अगं, ते पडलं असं नाही म्हणता येणार. घसरलं."

"घसरून कुठं गेलं?"

"खाली."

"म्हणजे पडलं."

"पण जोरात नाही."

"उद्यापासून बाबांच्या गाडीतून जा," ती म्हणाली आणि केरसुणी आणायला वळली.

"अगं, एखाद्या जाणत्या माणसाला विचारू तरी," तो घाईघाईनं म्हणाला आणि हेल्मेट मागवून देणाऱ्या सायकलवाल्याला त्यानं फोन लावला. आपली बाजू खरी आहे याची इतकी खात्री होती, की फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. माणसानं एवढी खात्री बाळगू नये.

"पडलं तेव्हा आत डोकं होतं का?" सायकलवाल्यानं विचारलं.

"नव्हतं."

"मग घाबरू नका. रिकामं हेल्मेट कपाटावरून पडलं तर सहसा काही होत नाही."

तपासनिसानं बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं, की निकाल लागला, आता आरोपीला घरी जाऊ द्या.

"पण साहेब, याच्या आधी किती वेळा पडलंय?"

"एकदाही नाही."

"सात वर्षांत एकदाही नाही? घरात एकटेच राहता का?"

तपासनीस हसला. बायको हसली नाही. तिनं अचानक फार मन लावून साखर झाडायला घेतली. एकोणीस वर्षं खोक्यांचे आवाज ऐकणाऱ्या माणसाला ही शांतता ओळखायला वेळ लागला नाही. फोन ठेवून तो म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. एकदा धुवून बाल्कनीत वाळत घातलं होतं."

"मग?"

"वारा होता."

"बाल्कनीतून? पहिल्या मजल्यावरून?"

"खाली बाबांच्या कुंड्या होत्या. मातीत पडलं असेल."

"असेल म्हणजे? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तपासत बसला असता," ती समोरच्या साखरेकडे बोट दाखवत म्हणाली.

हेल्मेट मातीत पडलं की फरशीवर, याचा एकच साक्षीदार होता. मास्तरांना वर बोलावण्यात आलं. ते पेपर हातात घेऊनच आले. टेबलावरचं हेल्मेट आणि दोघांचे चेहरे पाहिले आणि कुणी काही विचारायच्या आतच खुर्चीत बसत म्हणाले, "हे बघा, चाक नुसतं लागलं होतं. चढलं नव्हतं."

"चाक?" तपासनीस म्हणाला.

"म्हणजे तुम्ही त्याबद्दल बोलावलं नाही?"

"कुठलं चाक, बाबा?" पर्यवेक्षिकेनं शांतपणे विचारलं.

मास्तर जरा ततपप करू लागले. मग हळूहळू बाहेर आलं ते असं. शेजारच्या फार्मसीवाल्या बाईंना गाडी मागे घ्यायला शिकायची होती. गाडी मागे घ्यायला शिकवायचं म्हणजे मागे खूण म्हणून काहीतरी ठेवावं लागतं. दगड ठेवला तर गाडीला लागतो, कुंडी ठेवली तर कुंडी फुटते. काही रविवारी हेल्मेट खालीच सायकलला अडकवलेलं राहायचं, निळं, लांबून दिसणारं.

"किती वेळा लागलं?" तपासनिसानं क्षीण आवाजात विचारलं.

"बाई हुशार होत्या. तिसऱ्या रविवारनंतर एकदाही नाही."

बायकोनं केरसुणी भिंतीला टेकवली. "मग झालं तर. बदलायचं. नवीन येईपर्यंत बाबा तुम्हाला सोडतील."

"अगं, इतकं सगळं सोसूनही ते टिकलंय, याचा अर्थ काय होतो?"

"तुमचा तो नियम काय हो? रोज जेवताना सांगता तो. तपासलेला नग कुणाला जात नाही?"

मदत आली ती अगदीच अनपेक्षित बाजूनं. "असू दे गं," मास्तर हेल्मेट हातात घेऊन म्हणाले. "अजून छान दिसतंय. हे बघ, कुठं काय झालंय? वर्षभर सहज जाईल." मास्तरांनी जावयाची बाजू घेण्याची ही पहिलीच खेप. बायकोनं वडिलांकडे नीट निरखून पाहिलं.

"दिसतंय छान, पण आतून काय झालंय हे कुणाला माहीत?" ती म्हणाली. "मला परत त्या व्हरांड्यात बसायचं नाही."

आतून. या शब्दासरशी तपासनिसाच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. आतून काय झालंय याची शंका असेल तर काय करायचं, हे कारखान्यात ठरलेलं होतं आणि एकोणीस वर्षांत त्यात एकदाही अडचण आली नव्हती. तो उठला, हत्यारांच्या पेटीतून बारीक दातांची करवत काढली, टेबलावर पेपर पसरला. तो पेपर मास्तरांचा होता आणि अजून वाचायचा होता, पण ते काही बोलू शकले नाहीत.

"अहो, काय करताय?"

"पुरावा देतो."

"अहो, पण जरा थांबा."

"आता मध्ये बोलू नकोस. हे माझं काम आहे."

"जावईबापू, एक मिनिट," मास्तर म्हणाले. तपासनिसानं न बघताच हात वर करून त्यांना थांबवलं. मास्तरांना असा हात दाखवायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती.

करवत चालू लागली. पांढरा भुसा उडून राहिलेल्या साखरेत मिसळला. अगदी मधोमध, कपाळापासून मानेपर्यंत, जराही वाकडं न जाता त्यानं हेल्मेट कापलं. दोन्ही भाग उघडून खिडकीशी नेले. भिंग लावून इंचाइंचावरून नजर फिरवली. मग तो वळला, तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता.

"एक चीर नाही. एक दबलेली जागा नाही. बाल्कनीतून पडलं, चाक लागलं, आज पडलं, तरी ठणठणीत. मी सांगत होतो की नाही? उद्या मी सायकलनंच जाणार."

बायकोनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे पाहिलं.

"कुठलं अर्धं घालून?" तिनं विचारलं.

कारखान्यात एक पेला कापला तरी मागे नऊशे नव्याण्णव उरतात. तपासनिसानं दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. ते फार सुरेख जुळत होते. बायको हसायला लागली ती हसता हसता सोफ्यावरच बसली, पण त्याचा चेहरा पाहून तिला वाईटही वाटलं. उठून तिनं ते दोन तुकडे त्याच्या हातातून घेतले आणि त्याच्यासाठी चहा टाकला. मास्तर मात्र हसले नव्हते. ते कपाळाला हात लावून बसले होते.

सोमवारी साडेसातला गाडी निघाली.

"आरसा," मास्तर म्हणाले.

"बघितला."

"बघितल्यासारखं दिसलं नाही. क्लच सोडा. हळू. हळू म्हणजे थांबा असं नाही."

दोन चौक असेच गेले. तिसऱ्या चौकात लाल दिवा लागला आणि दोन्ही बाजूंनी सायकली सुळसुळत पुढे गेल्या. तपासनीस त्यांच्याकडे बघत राहिला. नुसतं बघणं नव्हे, अगदी डोळ्यांत पाणी येईल असं. मास्तरही बघत होते.

"मागच्या वेळी किती दिवस लागले होते हो?" त्यांनी विचारलं.

"चार महिने."

"चार महिने," मास्तरांनी लांब श्वास सोडला. "सकाळचा चहा नाही, पेपर नाही. जाताना तुमच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, येताना गर्दीतून एकट्यानं गाडी आणायची. या वयात झेपत नाही जावईबापू."

तपासनीस वळून त्यांच्याकडे पाहू लागला. "मग यायचंच कशाला?"

"पोरीनं सांगितलं म्हणून. म्हणाली, त्यांना एकट्यानं जायचा कंटाळा येतो, तुमची सोबत आवडते. आता जावयाचं मन कसं मोडायचं?"

"मला म्हणाली, बाबांना करमत नाही, तेवढंच कुणाला तरी शिकवल्याचं समाधान मिळतं त्यांना."

"मला? अहो, चाळीस वर्षं शिकवून कंटाळलो मी."

"मग बोलता कशाला सारखं?"

"तुमच्या शेजारी गप्प बसायची भीती वाटते."

दिवा हिरवा झाला होता. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या तरी मास्तरांना ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "गाडी बाजूला घ्या." तपासनिसानं आरसा न बघता, इशारा न देता गाडी कडेला घेतली. मास्तर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढून जावयाच्या हातात दिला.

सायकलवाल्यानं चौसष्ट सेंटिमीटर हे ऐकून नेहमीप्रमाणे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "तेवढेच चार महिने लागतील, साहेब. दुसऱ्या एका कारखान्याला विचारून बघता येईल, पण मला फार धावपळ पडेल. एवढी घाई आहे का?"

"आहे," जावई आणि सासरे एकदमच म्हणाले.