शामलाबाईंचा इंग्रजीचा उपास

शामलाबाई दर चातुर्मासात काहीतरी सोडत. वांगं झालं, गूळ झाला. यंदा त्यांनी देवापुढे हात जोडून इंग्रजी सोडलं. कारण एवढंच, की देवळात कीर्तनकारांच्या पाया पडताना त्यांच्या तोंडून "महाराज, एकदम फँटास्टिक!" निघून गेलं होतं. जीभ घसरली, की दुसऱ्या दिवशी निर्जळी, असा नेम.

अशात त्यांच्या मुलाला, दुर्गेशला, मयुराचं स्थळ आलं. आधीची स्थळं मोडलेली, आणि ही मुलगी तर त्याला फोटोतच आवडलेली. तिची आई गोपिकाबाई तिला घेऊन घर पाहायला यायची होती.

"आजच्या दिवस सोड वं तो नेम," मारोतराव बायकोला म्हणाले. "'वेल सेटल्ड', 'सिंपल फॅमिली' म्हटल्याबिगर स्थळ जमते काय?"

"देवाले शब्द दिला आहे जी," शामलाबाई हळूच म्हणाल्या.

तर्री-पोह्यांच्या बश्या फिरल्या. गोपिकाबाईंनी विचारलं, "मुलगा वेल सेटल्ड आहे न?"

ओठांवर आलेलं 'एकदम फँटास्टिक' शामलाबाईंनी गिळलं. "हिंगण्याले कारखान्यात आहे. नोकरी पक्की. पण रात्रपाळी असली की दिवसा घोरत राहते."

मारोतरावांना ठसका लागला.

"नेचर कूल आहे?"

"भूक लागली की चिडते. पोटात गेलं की मांजर."

"अन् तुम्ही लोक ब्रॉड माइंडेड?"

शामलाबाई घुटमळल्या. खोटं बोलायला आता इंग्रजीचा आडोसाच उरला नव्हता. "सून उशिरा उठली तर मी बोलणार नाही. पण भांडी जोरानं आपटीन."

दुर्गेशने मान खाली घातली. गोपिकाबाईंनी बशी ठेवली. शामलाबाईंनी मनातल्या मनात विठ्ठलाला हाक मारली.

तेवढ्यात मयुरा खुदकन हसली. "आई, आता तू बी सांग न खरं."

गोपिकाबाईंनी पदर सावरला. "आम्ही बायोडाटात 'होमली' लिहिलं आहे खरं. पण हिले साधा वरणभात येत नाही."

"अन् भांडी मी बी आपटते," मयुरा म्हणाली.

दुर्गेश पहिल्यांदा हसला. तो तिच्याकडे पाहतोय आणि तीही नजर चुकवत नाही, हे बघून गोपिकाबाईंनी शामलाबाईंचे हात धरले. "आमच्याकडून हो आहे, विहीणबाई."

शामलाबाईंचे डोळे भरून आले. "अय्या! थँक्यू सो मच!"

"गेला नेम!" मारोतरावांनी कपाळावर हात मारला. "इंग्रजी सोडलं होतं हिनं चातुर्मासाचं. उद्या पाणीबी नाही आता!"

मयुरा उठून शामलाबाईंजवळ येऊन बसली.

"मी बी धरते उद्या उपास," ती म्हणाली. "तेवढंच येते मले."