चार मिनिटं बारा सेकंद

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं बारा सेकंद लागतात हे मी एका मंगळवारी घड्याळ लावून मोजलं, आणि तिथेच माझं चुकलं. (मोजलंच नसतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मोजायचं नाही, तर घड्याळ मनगटावर बांधायचं कशाला?) आकडा डायरीत लिहिला आणि त्याच क्षणी ठरवलं, नवी हार्ड डिस्क बसवायची.

कॉम्प्युटर नावाला माझा. खरा मालकीहक्क आमच्या हिचा. ही घरीच शिवणकाम करते आणि अकरा वर्षांतली गिऱ्हाइकं, त्यांचे खांदे, बाह्या, कमरा, सगळं त्यात साठवलेलं. त्यातच शाळेच्या बँडचे बेचाळीस गणवेश शिवायचं काम तिला मिळालं होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. शनिवारी तिने कॉम्प्युटरमध्ये ‘बँड’ नावाचं कोरं फोल्डर उघडून ठेवलं. सोमवारपासून मापं घ्यायची होती.

"जुन्या डिस्कवरची सिस्टीम जशीच्या तशी उचलायची आणि नव्या डिस्कवर ठेवायची," मी तिला समजावलं. "घर बदलताना सामान हलवतो ना, तसं."

"मागे घर बदललं तेव्हा तुम्ही सामानाची यादी केली होती."

"मग?"

"यादी नीट पोचली. इस्त्री नाही पोचली."

मी दुर्लक्ष केलं. बाजारातून डिस्क आणली, टोकाला लोहचुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर आणला, माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि डायरीत एकोणीस पायऱ्या लिहून काढल्या. सतरावी पायरी माझ्या पदरची होती: ‘खबरदारी म्हणून जुनी डिस्क तीन आठवडे आतच ठेवणे.’ रविवारी नक्कल उतरायला तीन तास चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी घरात कुणाला जोरात चालू दिलं नाही.

सोमवारी सकाळी घड्याळ लावलं. तीन मिनिटं एकावन्न सेकंद!

"अगं, एकवीस सेकंद वाचले!" मी ओरडलो. "म्हणजे वर्षाला दोन तास सात मिनिटं!"

"हो का? छानच की," ही चहाचा कप हातात देत म्हणाली.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात माझ्यापासून कुणाची सुटका नव्हती. कॅशियरला सांगितलं, शिपायाला सांगितलं, लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाला सांगितलं. (तो मधल्याच मजल्यावर उतरला.) तिसऱ्या शनिवारी जुनी डिस्क काढली, ऑफिसात नेली आणि तिथल्या कॉम्प्युटरला जोडून पुसली. एकदा नव्हे, सात वेळा. हिच्या गिऱ्हाइकांच्या कमरा परक्या हाती लागू नयेत, एवढाच हेतू.

संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटर लावला. मी चष्मा लावतोय तोवर पडदा उजळला. अठरा सेकंद! मी हिला अक्षरशः हाताला धरून आणलं. तिने ‘बँड’चं फोल्डर उघडलं.

आत काही नव्हतं.

"बेचाळीस मापं होती," ही हळूच म्हणाली. "परवा कटिंग सुरू करायचंय. पोरं सुट्टीला पांगली, आता कुणाला बोलावणार?"

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी कॉम्प्युटरला कान लावतो. त्याने कान लावला, चार बटणं दाबली.

"साहेब, सिस्टीम नव्या डिस्कवर उतरवलीत. पण आता इथून सुरू व्हायचं, हे मशीनला सांगितलंत का?"

"सांगावं लागतं?"

"लागतं. तीन आठवडे ते जुन्या डिस्कवरूनच चालत होतं. नवी नुसती पाहुण्यासारखी बसून होती. आज जुनी काढलीत, म्हणून नाइलाजाने उठली, ती त्या रविवारच्या आठवणी घेऊन."

"पण एकवीस सेकंद वाचत होते!"

डॉक्टरने हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे पाहत होती.

"असू दे," तो म्हणाला. "जुनी डिस्क द्या. सगळं तिच्यात असेल, पाच मिनिटांचं काम."

"ती मी पुसली."

"पुसली म्हणजे?"

"सात वेळा."

डॉक्टरने पिशवी बंद केली. "चुका करणारी माणसं रोज भेटतात साहेब," तो दारात म्हणाला, "पण इतकी टापटीप चूक पहिल्यांदाच बघतोय."

तो गेल्यावर मी खुर्चीत मटकन बसलो. अकरा वर्षांत तिला मिळालेलं सर्वांत मोठं काम मी स्वच्छ पुसून टाकलं होतं. ही उठली आणि शिलाई मशीनच्या खणातून तपकिरी कव्हरची एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. गोल अक्षरात, एका पानावर एक, बेचाळीस मापं! वहीवर तारीख होती, मी स्क्रू ड्रायव्हर आणला त्या दिवसाची.

"तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"पूर्ण होता. म्हणून तर वही आणली."

"आणि ते एकवीस सेकंद?"

"तुम्ही कॉम्प्युटर लावून आधी चष्मा शोधायचात, मग घड्याळ सुरू करायचात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सकाळी इतके खूष असायचात. आणि तेवढ्या चार मिनिटांत आपला चहा व्हायचा दोघांचा. आता अठरा सेकंदांत काय घोटभर प्यायचा?"

प्रायश्चित्त म्हणून सगळी मापं मी स्वतः कॉम्प्युटरमध्ये भरायला घेतली. एकेक आकडा दोनदा तपासून. ढोलवाला, बासरीवाला, पुढे काठी फिरवणारा, असे बेचाळीस झाले आणि मी पान उलटलं, तर त्रेचाळिसावं पानही भरलेलं.

‘घरचे. पँट एक. कंबर एकोणचाळीस. (विचारल्यास छत्तीस सांगणे.)’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग माझी डायरी उघडली. गेली अकरा वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, ही टेप लावते, आकडा सांगते आणि मी तो शाईने लिहून घेतो. छत्तीस, छत्तीस, छत्तीस. आणि प्रत्येक आकड्यापुढे माझ्याच अक्षरात शेरा: ‘तपासले. बरोबर.’